सरंजामे, १९७२, पान ४४

संशोधन निबंधाच्या संदर्भसूचीत ज्यांची नावं येतील त्यांनी तो निबंध छापून होईपर्यंत लेखकाच्या घरी येऊन राहायचं, असा नियम आमच्या विद्यापीठाने गेल्या जूनपासून लागू केला. परिपत्रक दीड पानाचं होतं. त्यात जिवंत आणि मयत असा भेद केलेला नव्हता, त्यामुळे कोणावर अन्याय झाला असं म्हणता येत नाही.

हेतू चांगलाच होता. प्राध्यापक मंडळी न वाचलेल्या पुस्तकांचे संदर्भ देतात अशी बऱ्याच वर्षांची तक्रार होती. माणूस स्वतः पुढ्यात येऊन बसला, दोन्ही वेळा आपल्या पंक्तीला जेवला, तर त्याचं पुस्तक नाही तरी निदान तोंड पाहिलं जाईल, असा विद्यापीठाचा विचार होता.

माझ्या निबंधात सत्तावीस संदर्भ होते आणि घर तीन खोल्यांचं. नियम आल्यावर शहाणपणाने सूची पाच नावांवर आणणारे सहकारी मला माहीत आहेत. एकाने तर फक्त स्वतःचाच संदर्भ दिला आणि तो सुखाने एकटा राहिला. मला ते जमणारं नव्हतं. 'धान्य आणि मृदा' या त्रैमासिकाला पंचवीसपेक्षा कमी संदर्भांचा निबंध चालत नाही, आणि मला छापून यायचं होतं ते त्याच त्रैमासिकात.

कारण सांगतो. मी, हणमंत दुधभाते, अकरा वर्षं आमच्या तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो आहे, पण तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे तास चालू असेपर्यंत माणूस प्राध्यापक, घंटा झाली की कोणी नाही. यंदा विभागातली एक जागा कायम होणार होती. मार्चअखेर 'धान्य आणि मृदा'त निबंध आला तर जागा माझी, नाही तर माझ्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या दुसऱ्याची. पुढच्या वर्षी मी वयात बसत नव्हतो. तेव्हा सत्तावीसच्या जागी सत्तावीसशे आले असते तरी मी मुकाट्याने चहाचं आधण ठेवलं असतं.

निबंधाचा विषय पेव. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशी ज्वारी साठवायची जागा. आमच्या भागातल्या जुन्या अंगणांत अजून दोन-चार सापडतात. माझा सबंध निबंध एका वाक्यावर उभा होता: पेवाच्या तोंडाशी चार बोटं राखेचा थर आणि त्यावर कडुनिंबाचा पाला असेल, तर ज्वारीला दीड वर्ष कीड लागत नाही. या वाक्यापुढे मी संदर्भ दिला होता सरंजामे, १९७२, पान ४४ असा. पेवावर लिहिणारे सगळेच तो देतात.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मंडळी यायला लागली. माझी बायको शैलजा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिला हजेरीपटाची सवय. तिने दारातच नावं विचारून खुणा केल्या आणि कोणाचा उपास कोणत्या वारी ते लिहून घेतलं. मयत संदर्भ सगळ्यांत आधी आले. त्यांचं एक बरं असतं, कुठेही टेकतात, अर्ध्या कपात भागतं, आणि आपलं मत आता बदललं आहे असं मध्येच सांगत नाहीत. जिवंतांचा ताप जास्त. एका सरकारी अहवालाला लेखक नव्हता, नुसतं खातं होतं, म्हणून खात्यातर्फे दोन कारकून आणि एक लोखंडी कपाट आलं. संकेतस्थळावरचा एक संदर्भ त्या दिवशी दिसला, चहा प्यायला, आणि पुन्हा काही सापडला नाही. त्याच्या खुर्चीवर 'दि. ४ डिसेंबर रोजी पाहिला' अशी चिठ्ठी लावली. ती नियमात बसली.

एका निबंधाचे लेखक तिघांहून जास्त असतील तर पहिल्याचं नाव लिहून बाकीच्यांना 'व इतर' म्हणतात. माझ्या सूचीत असे 'व इतर' चौघं होते. त्यांना घरात जागा द्यायची तरतूद नाही, त्यामुळे ते व्हरांड्यात राहिले. मूळ संशोधनातले सगळे प्रयोग याच चौघांनी केलेले असल्यामुळे त्यांना कष्टाची सवय होती. पाणी भरणं आणि भांडी त्यांच्याकडे गेली, आणि ती कोणी त्यांच्याकडे सोपवली हे कोणालाच आठवत नव्हतं.

आमच्याकडचा एक रिवाज इथे सांगायला हवा. कॉलेजातून कुठलाही निबंध बाहेर जायचा असेल तर त्यात प्राचार्य डॉ. रणनवरे यांच्या 'महाविद्यालयीन शिस्त: काही विचार' या पुस्तकाचा संदर्भ असतोच, मग विषय बुरशीचा असो की भूकंपाचा. माझ्याही पहिल्याच वाक्यात तो होता: 'शिस्त ही जशी विद्यार्थ्याला तशी धान्यालाही आवश्यक असते.' पुढे संकोच नको म्हणून मी पुस्तकाच्या पाचही आवृत्त्या दाखवल्या होत्या. आता सूचीत एकाच लेखकाची दुसरी नोंद आली की नाव पुन्हा लिहीत नाहीत, त्या जागी आडवी रेघ देतात. त्यामुळे प्राचार्य र-मधल्या एका खुर्चीवर बसले आणि पुढच्या चार खुर्च्यांवर शैलजाने खडूने रेघा ओढल्या. रेघांपुढेही ताट मांडलं जावं एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि ती पाळली गेली.

त्रैमासिकाचे शैली-निरीक्षक श्री. खासनीस सोमवारी आणि गुरुवारी तपासणीला यायचे. सडपातळ, मृदू बोलणारे गृहस्थ, खिशात कायम फूटपट्टी. निबंधात काय लिहिलं आहे ते वाचायचा त्यांना अधिकार नव्हता, सूची तेवढी तपासायची. नोंदीची पहिली ओळ समासाला लागून आणि बाकीच्या ओळी थोड्या आत असा नियम असल्यामुळे प्रत्येकाने पाठ भिंतीला लावायची आणि आपलं सामान बरोबर अर्धा फूट पुढे ठेवायचं. ग्रंथाचं नाव तिरक्या अक्षरांत लागतं, म्हणून ग्रंथकारांनी तिरकं बसायचं. डॉ. अष्टेकर आडनावामुळे पहिल्या खुर्चीवर होते आणि त्यांचे ग्रंथ दोन. आठवड्यात त्यांची मान डावीकडे जी गेली ती तिकडेच राहिली. क्षीरसागर यांना क-मध्ये बसवायचं की अगदी शेवटी, या प्रश्नावर दोन दिवस गेले. ते दोन दिवस ते दारात उभे होते.

नवव्या दिवशी त्रैमासिकाने शैली बदलल्याचं पत्र आलं. आता आडनावाप्रमाणे नाही, निबंधात ज्या क्रमाने उल्लेख येतो त्या क्रमाने बसायचं. सगळ्यांनी गाद्या उचलल्या. प्राचार्य पहिल्या क्रमांकावर गेले, कारण आमच्याकडे पहिलं वाक्य त्यांचंच असतं, आणि त्यांनी नवी शैली शास्त्रीय असल्याचं मत दिलं. अकराव्या दिवशी दुसरं पत्र आलं की आधीचं पत्र मागच्या वर्षीचं होतं आणि चुकून पाठवलं गेलं. सगळ्यांनी पुन्हा गाद्या उचलल्या. क्षीरसागर परत दारात गेले.

एवढं होऊन एक खुर्ची रिकामी होती. न्हाणीघराच्या दाराशी, शेवटून दुसरी. सरंजामे आले नव्हते.

विद्यापीठाने त्यांना धाडलेलं पत्र 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन परत आलं होतं. मी खासनीसांना म्हणालो, की बहुधा वारले असतील. खासनीसांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मयत असते तर आलेच असते असं दाखवून दिलं. ते खरंच होतं. मयतांपैकी एकही गैरहजर नव्हता. सोमवारच्या आत खुर्ची भरली नाही तर निबंध परत, असं लिहून त्यांनी माझी सही घेतली.

मग मी चौकशी केली. हा संदर्भ मी कुठून घेतला, तर माझे मार्गदर्शक डॉ. कुंभोजकर यांच्या ग्रंथातून. ते क-मध्ये, खिडकीपाशी बसलेले होते. त्यांना विचारलं. त्यांनी अष्टेकरांकडून घेतला होता. अष्टेकरांना विचारलं. त्यांनी तिरक्या मानेनेच डॉ. मुजावर यांच्याकडे बोट केलं. मुजावर वयाने ज्येष्ठ, सज्जन माणूस. त्यांनी बराच वेळ आठवलं आणि सांगितलं, की आपण तो कुंभोजकरांकडून घेतला. तिघं एकाच खोलीत असल्यामुळे ही चौकशी दहा मिनिटांत संपली. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. कुंभोजकर म्हणाले, की संशोधन हे शेवटी परस्परविश्वासावर चालतं.

खात्याच्या कारकुनांनी कपाट उघडून मोजलं तेव्हा सरंजाम्यांचा संदर्भ देणारे निबंध एक्केचाळीस निघाले. त्यावर मिळालेल्या पदव्या वेगळ्या. ही खुर्ची रिकामी राहिली तर त्या सगळ्यांवर गदा येणार, हे लक्षात आल्यावर मात्र सगळे त्या खुर्चीकडे बघायला लागले.

आता खरं काय ते सांगतो. चार बोटं राखेचं ते वाक्य मला सरंजाम्यांनी सांगितलेलं नाही. ते सांगितलं करंजओढ्याच्या सुंद्राक्का खिलारे यांनी. तीन वर्षं मी सुटी लागली की त्यांच्या अंगणात जाऊन बसत होतो. त्यांनी मला पेव दाखवलं, भरायचं कसं, लिंपायचं कसं, ज्वारी ओली की सुकी हे दाताखाली कसं बघायचं, ते शिकवलं. वर भाकरी खायला घातली. निबंधाच्या पहिल्या खर्ड्यात मी त्यांचंच नाव घातलं होतं. कुंभोजकरांनी ते लाल शाईने खोडून समासात लिहिलं, 'अक्षरओळख नसलेली व्यक्ती संदर्भ होऊ शकत नाही. सरंजामे पाहा.' आणि मी ते निमूटपणे बदललं. आजही ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो.

शैलजाला मी हे जेवताना सांगितलं. ती म्हणाली, ज्यांनी सांगितलं त्यांनाच आणून बसवा, त्यात विचार कसला करायचा. दुसऱ्या दिवशी मी एसटीने करंजओढ्याला गेलो आणि आक्कांना घेऊन आलो. सत्तरीच्या पुढची बाई, नऊवारी, हातात पिशवी. माझी नोकरी अडकली आहे एवढंच त्यांनी ऐकलं, बाकी काही विचारलं नाही. घरात आल्यावर ओळीने भिंतीला टेकलेली माणसं बघून त्यांनी शैलजाला हळूच विचारलं, की कोणाचं काही झालंय का. नाही म्हटल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या.

सोमवारी खासनीस आले. मी त्यांना सगळं खरं सांगितलं आणि सरंजाम्यांच्या जागी खिलारे असं नाव घालू द्या अशी विनंती केली. त्यांनी कोरा नमुना काढला.

"बाईंचं प्रकाशनस्थळ?"

मी म्हणालो, "करंजओढा."

"प्रकाशक?"

आक्का म्हणाल्या, "आमचं मालक हुतं. ते ग्येलं."

"वर्ष?"

"कशाचं वरीस?"

"हे तुम्ही कोणत्या साली सांगितलंत, किंवा तुम्हाला कोणत्या साली कळलं."

"बहात्तरच्या दुष्काळात. सासूनं शिकिवलं. त्या पेवातल्या जोंधळ्यावर आमी धा माणसं जगलो."

खासनीसांनी १९७२ लिहिलं. पृष्ठांच्या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबली. त्यांनी आक्कांकडे नीट पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना मनापासून वाईट वाटलं. बाईंना पानं नाहीत, ते म्हणाले. पानं नसतील तर ही नोंद खासगी संभाषण या सदरात जाते. खासगी संभाषण सूचीत येत नाही, ते मजकुरात कंसात टाकतात, आणि ज्या वाक्यावर अख्खा निबंध उभा आहे ते वाक्य कंसाच्या आधाराने उभं राहू शकत नाही. यात त्यांच्या हातात काही नव्हतं.

तोडगा कुंभोजकरांनी काढला. बाईंचं वर्ष १९७२ आहे, सरंजाम्यांचंही १९७२ आहे. बाईंना जे माहीत आहे तेच सरंजाम्यांच्या चव्वेचाळिसाव्या पानावर आहे. सरंजाम्यांच्या नावाची आद्याक्षरं द. ल. अशी असून त्यांना प्रत्यक्ष कोणी पाहिलेलं नाही, म्हणजे ते बाई नसतीलच असं कोणी म्हणू शकत नाही. मग अडचण काय आहे? अष्टेकर आणि मुजावर यांनी अनुमोदन दिलं. प्राचार्य म्हणाले, की महाविद्यालयाच्या हिताचं आहे. मयतांनी मत दिलं नाही.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शैलजाकडे पाहिलं.

"तुम्ही त्यांचं नाव काढून घेताय," ती म्हणाली. "उद्या त्यांना ते परत कोण देणार?"

मी आक्कांना म्हणालो, की तुमची इच्छा नसेल तर राहू द्या, मी दुसरं काही बघतो. दुसरं काही नव्हतं आणि ते त्यांना माझ्या तोंडावर दिसत असणार.

"नाव काय चाटायचंय व्हय, मास्तर? तुमची नोकरी पक्की हुतीया न्हवं? मग लावा काय लावायचं त्ये."

आणि त्या उठून न्हाणीघराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पाठ भिंतीला लावली. पिशवी अर्धा फूट पुढे सरकवली, ते त्यांनी बाकीच्यांचं बघून केलं. सरंजाम्यांचा ग्रंथ असल्यामुळे त्यांना तिरकं बसावं लागेल असं खासनीसांनी सांगितलं, तर त्या बसल्या.

तपासणीची रीत अशी, की खुर्चीवरच्या व्यक्तीने उद्धृत पानावरचा मजकूर तोंडी सांगायचा. खासनीसांनी पान चव्वेचाळीस असा पुकारा केला. आक्कांनी राख किती, पाला कसा, दगड कुठला आणि लेप कशाचा ते सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. सत्तावीस खुर्च्यांपैकी आपल्या पानावर काय आहे हे न अडखळता सांगणारी ती एकच खुर्ची निघाली, असं खासनीसांनी आपल्या अहवालात नमूद केलं. प्राचार्यांना पाचही आवृत्त्यांत मिळून एकच वाक्य आठवलं होतं, ते मीच लिहिलेलं होतं.

आक्का पुढे बोलण्याच्या ओघात पेव उघडायचं कसं ते सांगायला लागल्या होत्या, तेव्हा खासनीसांनी हात वर करून त्यांना थांबवलं. उद्धृत पानाबाहेरचं बोलू नये. बोललं तर पृष्ठक्रमांक बदलावा लागतो आणि पृष्ठक्रमांक बदलला तर एक्केचाळीस निबंध दुरुस्तीला येतात. आक्कांनी मान डोलावली. त्या शब्दाच्या पक्क्या बाई आहेत.

पहिले काही दिवस त्या स्वयंपाकघरात शैलजाशी बोलायच्या, व्हरांड्यातल्या चौघांना ओव्या म्हणून दाखवायच्या. मग कोणीतरी खासनीसांच्या कानावर घातलं आणि त्यांनी एक लेखी समज दिली. त्यानंतर शैलजाने काही विचारलं, तर आक्का आधी थोडं थांबायच्या, ते पानावर आहे का हे मनात बघायच्या, आणि नसेल तर गप्प राहायच्या. जानेवारीत शैलजाने त्यांना नातवाचं नाव विचारलं. त्या बराच वेळ थांबल्या आणि मग म्हणाल्या, की चार बोटं राख. शैलजा त्या दिवशी जेवली नाही. मी जेवलो, कारण माझा निबंध छपाईला गेल्याचं पत्र त्याच दिवशी आलं होतं.

मार्चच्या अंकात निबंध आला. सूचीत एकही चूक नव्हती. मंडळी आपापल्या गावी गेली, खात्याने कपाट नेलं, अष्टेकर मान तशीच घेऊन एसटीत चढले. आक्कांना पोचवायला मी जाणार होतो, पण तोवर त्यांच्या नावाने, म्हणजे सरंजाम्यांच्या नावाने, दोन पत्रं येऊन पडली होती. सरंजामे हजर असल्याचं कळल्यावर विद्यापीठाने जुन्या एक्केचाळीस निबंधांचीही तपासणी काढली होती. आक्का परस्पर पुढच्या घरी गेल्या. मग त्याच्या पुढच्या.

मेमध्ये मला कायम केल्याचा हुकूम आला. मी किलोभर पेढे घेतले आणि करंजओढ्याला गेलो. दोन घरांच्या मध्ये चार दिवस मोकळे होते, म्हणून आक्का घरी होत्या. अंगणात भिंतीला पाठ लावून, थोड्या तिरक्या बसल्या होत्या. पिशवी अर्धा फूट पुढे. मी आक्का म्हणून हाक मारली, त्यांनी वर पाहिलं नाही. त्यांची सून, मंगल तिचं नाव, पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"सरंजामे म्हणा, सर. मग ओ देत्यात."

मी सरंजामे म्हणालो. आक्कांनी ओ दिली, आणि राख, पाला, दगड, लेप सगळं सांगितलं. मी पेढा पुढे केला. तो त्यांनी घेतला आणि हातातच धरून ठेवला. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण सरंजाम्यांच्या पाया पडावं की नाही ते कळेना, आणि मी तसाच उभा राहिलो. मला लाज वाटत होती. इतकी लाज मला अकरा वर्षांत घंटा झाल्यावर वर्गाबाहेर पडतानाही कधी वाटली नव्हती.

अंगणाच्या मध्यावर पेवाचं झाकण काढून ठेवलेलं होतं. घरातली ज्वारी संपली म्हणून सकाळीच लेप फोडला, असं मंगल म्हणाली. आत कोंडलेली हवा वाईट असते, लगेच उतरलेला माणूस वर येत नाही, हे तिला माहीत होतं. गेल्या साली शेजारच्या गावात दोघं भाऊ तसेच गेले होते. किती वेळ थांबायचं, आत बरं आहे हे ओळखायचं कसं, ते दर वर्षी आक्का सांगायच्या. त्या हो म्हणाल्याशिवाय कोणी पाय टाकत नसे. आता सकाळपासून चार वेळा विचारून झालं होतं. तिचा नवरा कमरेला दोर बांधून काठावर बसला होता.

"तुमी इचारून बगा, सर," मंगल म्हणाली. "तुमचं ऐकतील."

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि विचारलं. आक्का थांबल्या. त्यांनी मनातल्या मनात शोधलं. त्यांचे डोळे एकदा पेवाकडे गेले, मुलाच्या कमरेच्या दोराकडे गेले, ओठ हलले.

"त्ये पानावर न्हाई," त्या म्हणाल्या.

मंगलचा नवरा मग माझ्याकडे वळला. त्याने अंक पाहिला होता, त्यातला माझा फोटोही पाहिला होता. तो अगदी आदराने म्हणाला, की सर, तुम्ही तर छापलंय ह्याच्यावर, तुम्हीच सांगा, उतरू का?

मी उठलो, कपड्यांची धूळ झटकली. हे मला आक्कांनी कधीतरी सांगितलं असणार. तीन वर्षांतल्या कुठल्या तरी दुपारी, भाकरी थापता थापता. पण राखेपुढचं मी लिहूनच घेतलं नव्हतं. मी म्हणालो, संदर्भ बघून कळवतो. त्याने मान हलवली आणि दोराची गाठ तपासली. एसटीची वेळ झाली होती. तोवर आत उतरू नकोस, एवढं तरी त्याला सांगावं असं फार वाटलं, फाटकापर्यंत जाऊन मी एकदा मागे वळलोसुद्धा. पण त्या वाक्याला संदर्भ नव्हता.